लायटरच्या जागी

गाडीत सॉकेट एकच आहे.
पूर्वी तिथे सिगारेट पेटवायचं लायटर होतं,
ते आधीच्या ड्रायव्हरने रागाच्या भरात माळावर भिरकावलं म्हणतात.
आता तिथे लशींच्या पेटीची वायर.
दोन ते आठ अंश. वर नाही, खाली नाही.
हे मला झोपेतून उठवून विचारा.

आणि हा प्लेअर, काडेपेटीएवढा, एक कोपरा चेपलेला.
ब्राउलियो जहाजावर कामाला गेला तेव्हा म्हणाला,
मावशी, अकराशे गाणी आहेत यात,
बॅटरी मात्र थकलीय, चाळीस मिनिटं धरून चाल.
त्रेलेव सोडून, पुढे डांबर सोडून, शाळेपर्यंत सव्वापाच तास.
एका म्यानात दोन तलवारी.

म्हणून मी पेटीशी सौदा केलाय:
काटा तीनवर आला की तिची वायर काढायची,
प्लेअरला घोटभर वीज पाजायची,
काटा सहाकडे सरकला की तिचं तिला परत.
डॉक्टरीणबाईंना सांगू नका.

चार्ज होताना तो गातो, पण नाकातून.
इंजिनाचा सूर मिसळतो त्यात.
दुसऱ्या गिअरला भुंगा, तिसऱ्याला डास,
चौथ्याला लांबवर कुणीतरी चाकूला धार लावतंय.
मेकॅनिक म्हणाला, एवढासा फिल्टर बसवला की जाईल.
बसवला नाही.
चढावर गिअर कधी बदलायचा ते आता मला
गाण्याच्या मागून कळतं.

मंगळवारी फाट्यावर इसाउरो भेटला, पाठीवर बोचकं,
कातरणीचा हंगाम संपलेला, हातांना लोकरीच्या तेलाचा वास.
म्हटलं, बस, पण काम करावं लागेल.
मांडीवर प्लेअर, पायांशी पेटी.
तीनला काढ, सहाला लाव.
सत्तरीचा माणूस, इतका गंभीर होऊन काटा बघत बसला
जणू आत आजारी कोकरू आहे.

गाणं लागलं ते अकॉर्डियनचं.
एक मुलगी घोड्यावरून नदी ओलांडते आहे, पाणी चढतंय,
घोड्याच्या गुडघ्यांना, पोटाला, छातीला,
आणि काटा सहावर.
त्याने माझ्याकडे बघितलं.
मी रस्त्याकडे.
त्याने वायर काढली, पेटीला लावली.
प्लेअरने अजून अर्धं कडवं तग धरला,
मग मिटला.

बराच वेळ नुसते खडे, गाडीच्या पोटाला.
"पोचली का?" त्याने विचारलं.
मला माहीत होतं. सांगितलं नाही.
येताना ऐकू, म्हटलं.
तो कुठे येणार होता?
त्याचं फाटक पुढच्याच वळणावर,
निळं, एका बिजागरीवर लोंबणारं.
उतरायच्या आधी काटा पाहिला: चार.
"पोरं रडणार उद्या," म्हणाला, खूश होऊन.

रडली. सव्वीस दंड, आणि घेरी आली ती मास्तरांना.
परतताना पेटी रिकामी, तिची वायर गुंडाळून मागे टाकली.
अख्खं सॉकेट गाण्याचं.
बटण दाबलं तर ते तिथूनच सुरू,
छातीभर पाण्यातून.
मी थांबवलं.
पुढचे साठ किलोमीटर तिला तिथेच उभं ठेवलं,
घोडा, नदी, सगळ्यासकट.
दुसरं काही लावलं नाही.
प्लेअर नुसता पीत राहिला.

फाटकाशी खिडकी खाली केली, आवाज पूर्ण.
इथला वारा असा, की तोंडातून शब्द निघतो
आणि तिसऱ्याच्याच कुरणात जाऊन पडतो.
घरातून कुणी आलं नाही.
एक कुत्रा आला, बसला.
इंजिन चालूच होतं, तेव्हा शेवटच्या कडव्यातही
भुंगा होताच, हळू, जागच्या जागी.
मुलगी पलीकडे निघाली, केस पिळत.
घरामागे, पत्र्याच्या आडोशाला,
लाकूड फोडायचा आवाज थांबला.

गाणं संपलं.
मग पुन्हा कुऱ्हाड.